माणूस मोठा करायचा कॉम्प्युटर

नव्वदच्या दशकात बेंगळुरूमधल्या मराठी मंडळींत माझी ओळख एवढीच होती, की हिला कॉम्प्युटरमधलं कळतं. इंदिरानगरमधल्या एका लहानशा ऑफिसात मी माहितीपत्रकं आणि कॅलेंडरं डिझाइन करायचे. त्यामुळे हळदीकुंकवाला गेलं तरी हातात वाण पडायच्या आधी प्रश्न यायचा, कुठला घेऊ गं? माझं उत्तर ठरलेलं होतं. चिप थोडी जुनी चालेल, मेमरी मात्र भरपूर घ्या. मॉनिटरवर कंजुषी करू नका, डोळे एकदाच मिळतात. वीज जाणारच आहे, तेव्हा यूपीएस हवाच. खोक्यावरची चकचकीत अक्षरं बघून भाळू नका. लोक मान डोलवायचे आणि मेव्हण्यानं सांगितलेलं मशीन घेऊन यायचे. ते बंद पडलं की पुन्हा माझ्या नावानं शंख.

माझा प्रत्येक शब्द ऐकला तो एकाच बाईंनी, आणि ते आठवलं की अजून मला अस्वस्थ व्हायला होतं.

काकू आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. लग्न होऊन इथं आलेल्या. काका सरकारी कारखान्यात इंजिनियर, नुकतेच निवृत्त झालेले. एका शनिवारी दुपारी काकू ऑफिसात आल्या, पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, "मला असा कॉम्प्युटर सांग, ज्याच्यावर माणूस मोठा करता येतो."

"फोटो मोठा करायचाय का?"

"नाही गं. वयानं मोठा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा एकोणीस वर्षांचा असताना एका सकाळी मित्राकडे जातो म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. आता त्या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. गुरुजींनी काकांना सांगितलं होतं, की असा माणूस बारा वर्षं परतला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे तो सुटतो. काका तयार झाले होते.

"ह्यांचंही चुकत नाही," काकू म्हणाल्या. "पण तो आता कसा दिसत असेल ते मला स्वल्प बघू दे. न बघता कसा जाळू?"

 मी आपली मेमरीचंच सांगत राहिले.

आम्ही दोघी कॉम्प्युटरच्या दुकानांसाठी एस. पी. रोडला गेलो. दुकानदार स्वस्तातला मॉनिटर पुढं करत होता, तेव्हा काकूंनी त्याला कन्नडमध्ये असं काही सुनावलं, की तो "सरी अक्का, सरी", म्हणजे बरं ताई, बरं, असं म्हणत माळ्यावरून चांगला काढून घेऊन आला. स्कॅनर घेतला. फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर मी सुचवलं, तेही मी रोज वापरत होते तेच. त्यात चित्रावर चित्राचे थर ठेवता यायचे, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. काकूंचा हात रांगोळीचा. माऊस त्यांना महिनाभरात वश झाला.

पण मुलगा काही मोठा होईना. त्यांनी गालावर सावल्या दिल्या, कपाळावर आठ्या काढल्या. तो गॅदरिंगमध्ये म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या पोरासारखा दिसायला लागला. त्या रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "काकू, सॉफ्टवेअर वय देत नाही. ते कुठून तरी आणावं लागतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या आणि काकांचा अल्बम घेऊन आल्या.

त्यानंतर काम झपाट्यानं झालं. हनुवटी कुठल्याशा लग्नातल्या काकांच्या फोटोवरून आली, मिशी ऑफिसच्या ओळखपत्रावरून. एका दुपारी पडद्यावर तिशीतला एक माणूस आमच्याकडे बघत होता. काकूंनी पडद्यावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "बारीक झालाय."

विधी पुढं ढकलला गेला. काका कॉम्प्युटरच्या खोलीत जायचे बंद झाले. दर वाढदिवसाला काकू मुलाला एक वर्षानं मोठा करायच्या आणि मला चहाला बोलवायच्या. मी जायचे आणि परतताना घाबरलेली असायचे, हे खरं सांगते. कारण तो माणूस मला बाहेर दिसायला लागला होता. एकदा बसस्टॉपवर पाठमोरा, एकदा भाजीच्या गाडीशी पिशवी धरून. दोन्ही वेळा मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला कधी भेटले नव्हते, तरी तो मला माझ्या सख्ख्या भावापेक्षा पाठ झाला होता.

तिसऱ्या वाढदिवसाला काका दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पडदा बघितला. त्यांचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला. ते वळले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रस्त्यात पाहिलं तेव्हा त्यांनी मिशी काढून टाकली होती.

त्याच वर्षी काका गेले. झोपेतच, काहीही दुखणं नसताना.

तेराव्याला मी गेले तेव्हा हॉलमध्ये गुरुजी मांडामांड करत होते आणि पाटावर फोटो ठेवलेला होता.  काकू कॉम्प्युटरशेजारी लावून ठेवायच्या ती मुलाची रंगीत प्रिंट चौकटीत बसवून तिला हार घातला होता, पुढं समई लावली होती. बेळगावहून आलेले काकांचे धाकटे भाऊ डोळे पुसत सगळ्यांना सांगत होते, "माझ्या लग्नात दादा अस्साच दिसत होता. किती छान फोटो मिळाला बघा."

काकू आतून आल्या. फोटो दिसताच ओरडल्या, "काढा तो हार! गेलेला नाहीये!"

बायका धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात फिरवला. "असं म्हणू नये वहिनी, आता मन घट्ट करायला हवं," दीर म्हणाले. त्या घरात खरी गोष्ट फक्त मला माहीत होती. मी पुढं झाले, हार काढला आणि फोटो काकूंच्या हातात दिला.

त्या तो खिडकीशी घेऊन गेल्या. अंगठ्यानं मिशी झाकून पाहिली. मग हनुवटी झाकली, मग कपाळ. मी शेजारी उभी होते.

"भावोजींचं काही चुकलं नाही गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे हेच आहेत."

"डोळे त्याचे आहेत ना, काकू."

"डोळेसुद्धा मागच्या वर्षी मी ह्यांचेच घेतले. त्याचे फार लहान वाटायला लागले होते."

माझ्या हातातला हार त्यांनी घेतला. फोटो पुन्हा पाटावर ठेवला, स्वतः हार घातला, आणि खाली बसत म्हणाल्या, "गुरुजी, दोघांची नावं घ्या."