कापड कमी पडलं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, माहेरी आईजवळ नाही, आणि देवापुढे हात जोडताना तर मुळीच नाही — त्याला आधीच ठाऊक असणार, तेव्हा तिथे कसली घाई? तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायला फार मोठी छाती लागते. ती माझ्याकडे नव्हती. आता आहे का? बघू.

मी गोरेगावची. मुंबईलाही एक गोरेगाव आहे म्हणतात, ते असो. आमचं गोंदियाजवळचं — चहूकडे धानाच्या बांध्या आणि मधे आमचं गाव. गावात आज कुणालाही विचारा, झंपर शिवायला कुणाकडे टाकू? माझंच नाव सांगतील. माझ्याकडे आता तीन मशिनी आहेत. पाच-सहा मुली रोज दुपारी कटिंग शिकायला येतात. बाजाराच्या दिवशी तर घरापुढच्या छपरीत पाय ठेवायला जागा नसते. हे सगळं मी मेहनतीनं उभं केलं, असं लोक म्हणतात. मीही म्हणते. खोटं नाही ते. पण त्याच्या पायाशी एक वाक्य पुरलेलं आहे — ते कसं सांगू?

थोडं मागून सांगते.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. गोंदियाला सिंधमधून आलेलं एक जोडपं राहत होतं. नवरा ठेल्यावर कापड विकायचा आणि बायको वऱ्हांड्यात बायकांना शिवण शिकवायची. आम्ही त्यांना भाभी म्हणायचो. माझी मावशी त्यांच्या शेजारी राहत होती. मी तिच्याकडे सणाला म्हणून गेले आणि भाभींच्या हातातली कात्री बघून तिथेच खिळले. जुन्या वर्तमानपत्रावर त्या पेन्सिलीनं चार रेघा ओढायच्या, कात्री फिरवायच्या — आणि त्या सपाट कागदाचा खांदा व्हायचा, गळा व्हायचा, फुग्याची बाही व्हायची! तोवर आमच्या गावात झंपर म्हणजे दोन भोकं असलेली पिशवी. ही खरी फॅशन, असं मला वाटलं. मला ते आलंच पाहिजे, एवढंच त्या दिवसापासून डोक्यात.

सासरे भडकले. "धान रोवाचं सोडून कापडं शिवतेस कायले? आपन शिंपी आहो काय?" आमचे हे मात्र शांत. बापाशी एक शब्द न बोलता मला गोंदियाच्या बसमध्ये बसवून आले. चार-पाच महिने मावशीकडे राहून मी शिकले. परत आले ती — अर्ध्या हळकुंडानं पिवळी म्हणतात ना, तशीच. माझ्या पाटल्या मोडून मशीन आणली. खडूनं पाटीवर लिहिलं, गोंदियाच्या फॅशनचे कपडे शिवून मिळतील. पाटी छपरीत टांगली. सासऱ्यांनी ती वाचून घेतली आणि सांगितलं, एकदा जरी कुणाचं कापड बिघडवून घराचं हसू केलंस, तर त्या दिवशी मशीन दाराबाहेर.

हे लक्षात ठेवा. सबब म्हणून नाही. त्या वेळी मी कशाला घाबरत होते, ते कळावं म्हणून.

पहिलं मोठं काम आलं ते शेजारच्या सगुणाबाईंकडून. त्यांच्या थोरलीचं, कौसल्याचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरची रीत अशी की लग्नात नवरीच्या अंगावरचा झंपर मामाच्या कापडाचा असतो. सगुणाबाईंचा धाकटा भाऊ, भिवामामा, दरेकशाकडे जंगलपट्टीत राहायचा. थोडी शेती, बाकी जंगलातली मजुरी. भाचीवर जीव. तो गोंदियाला उतरून स्वतः कापड घेऊन आला. हिरवंगार साटीन, त्यावर जरीचे बुट्टे. असं कापड आमच्या गल्लीत कुणी बघितलं नव्हतं. त्यानं ते माझ्या हातात दिलं ते दोन्ही हातांनी, नुकतं जन्मलेलं लेकरू द्यावं तसं. म्हणाला, दुकानदारानं गजानं मोजलं, पण मी माझ्या हातानं, कोपरापासून बोटांपर्यंत धरून, पुन्हा मोजून घेतलं.

कापड पुरेसं होतं. वीतभर जास्तच असेल. हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढे माझा धीर सुटायचा.

बाही कापताना भाभींनी एकच गोष्ट डोक्यात भरवली होती — कापडाचं तोंड तोंडाला लावा, सुलट बाजू सुलट बाजूवर, आणि दोन्ही बाह्या एकदम कापा. कारण बाही पुढच्या बाजूला मुंढ्याशी, म्हणजे खांद्याला जोडते तिथे, जास्त खोल असते, मागे कमी. एकदम कापल्या की एक उजवी निघते, एक डावी. साधी गोष्ट. माझ्या मुली आता डोळे मिटून करतात.

पण मला बुट्टा हवा होता बाहीच्या बरोब्बर मध्यावर. दोन्हीकडे. गोंदियाची फॅशन दाखवायची होती ना! घडी घातली असती तर खालचा बुट्टा दिसला नसता. म्हणून मी कापड उघडं पसरलं. कागदाची बाही बुट्ट्यावर ठेवली आणि कापली. मग तोच कागद, तसाच, न उलटता, दुसऱ्या बुट्ट्यावर ठेवला. आणि कापली.

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या.

कळलं तेव्हा मी मशीनवर बसले होते. उजवी बाही मुंढ्याला लावायला गेले, तर खोल बाजू मागे आली. उलटी करून पाहिली, तर साटीनची निस्तेज बाजू वर. मी ती कितीदा फिरवून पाहिली असेल? जणू दहाव्यांदा फिरवली की ती आपणहून उजवी होणार होती! बुट्टे साधताना जास्तीचं कापडही गेलं होतं, खाली नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. शेवटी मी त्या बाहीची मागची बाजू मध्यापासून कापली, तिथे चिंध्यांतला एक तुकडा जोडला आणि नवा आकार दिला. जोड नेमका दंडाच्या मध्यावर आला. जरीचा बुट्टा मधोमध चिरला गेला. आंधळ्यालाही दिसला असता.

सगुणाबाई झंपर न्यायला आल्या. त्यांनी तो उलगडला, बाहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय झालं वो?"

छपरीच्या दुसऱ्या टोकाला सासरे खाटेवर बसले होते. चिलीम हातात तशीच राहिली होती. ते ऐकत होते.

मी म्हणाले, कापड कमी पडलं.

बस. एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला लहानपणापासून पाठ होती. ती आपल्याच तोंडून अशी निघेल असं वाटलं नव्हतं. सगुणाबाईंचा चेहरा पडला. पण रागावल्या त्या माझ्यावर नाही — भावावर. आणि शिंपिणीचं म्हणणं खोडणार तरी कोण? एकदा कापलेलं कापड पुन्हा मोजता येतं का कुणाला?

लग्नात मंडपात मी होते. हातात अक्षता घेऊन, दुसऱ्याच रांगेत. नवरीच्या मागे मामा उभा असतो, तसा भिवामामा नवं पागोटं बांधून उभा होता. कौसल्याची सासू पुढे आली. तिनं बाहीचा तो जोड चिमटीत धरला आणि चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामानं भाचीले बाहीपुरतं कापडबी देल्लं नाही काय वो, माय?" बायका हसल्या. सगुणाबाईंनी लाजेनं मान खाली घातली, आणि मग ती मान वर करून भावाकडे असं बघितलं की — मला ते बघणं अजून विसरता येत नाही.

पंगती बसल्या तेव्हा भिवामामा मंडपाच्या टोकाला एकटाच उभा होता. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत स्वतःचा हात निरखत होता. दुसऱ्या हातानं तो मापून बघत होता. आपला हातच आखूड आहे की काय, असं. मी हे पाहिलं. आणि मी पानावर बसून जेवले. जिलबी होती. दोनदा घेतली.

त्यानंतर भाऊबहिणीत बोलणं तुटलं. मंडपातून उठल्यावर सगुणाबाई त्याला काय बोलल्या, ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवाळीला भाऊबीजेला तो आला नाही, आणि पुढेही कितीतरी दिवाळ्या आला नाही. गावात कुणी हात आखडता घेतला की लोक म्हणायचे, हा तर दरेकशाचा मामा दिसतो. आणि माझं काय झालं? माझं नाव झालं! कापड इतकं कमी असून कसा फॅशनचा झंपर शिवला, दुसरी असती तर रडत बसली असती — असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. त्याच बोलण्यावर मला पुढची कामं मिळाली. सासरेही हळूहळू नरमले. शेवटी शेवटी तर पाहुण्यांना मशीन दाखवायचे. तेव्हा सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? मशीन जाईल ही भीती तर कधीच संपली होती. मग मला लोकांचं ते कौतुक आवडायला लागलं होतं. खरं ते हेच.

मुलींना बाही शिकवताना मी बजावते, तोंडाला तोंड लावा. त्या विचारतात, का? मग मी सांगते, भाभींच्या वर्गात एक वेंधळी मुलगी होती, तिनं दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मुली खदखदा हसतात. मीही हसते. म्हणजे एक खोटं मी रोज नव्यानं शिवते आहे.

आता परवाची गोष्ट. सगुणाबाईंच्या धाकटीचं, शांताचं लग्न ठरलं. एवढ्या वर्षांनी सगुणाबाईंचं मन पाझरलं आणि त्यांनी भावाला निरोप धाडला. तो आला. केस पांढरे झालेत. बहिणीच्या घरी टेकायच्या आधी तो माझ्या छपरीत आला, काखेतलं गाठोडं सोडलं आणि मेजावर कापड ठेवलं. लाल साटीन. घडीवर घडी, घडीवर घडी. झंपरासाठी इतकं कापड कुणी आणतं का?

"बाई, या खेपेले डबल आनलो," तो म्हणाला. "मांगच्या खेपेले मीच मोजाले चुकलो असन. तुमाले लय तरास झाला."

तुमाले लय तरास झाला! तो माझी माफी मागत होता. त्याला राग नव्हता, संशय नव्हता. माझं खोटं त्यानं इतकं खरं मानलं होतं की आपल्या हातावरचा त्याचा विश्वास उडाला होता. मेजाभोवती मुली उभ्या होत्या, कात्र्या हातात घेऊन, कौतुकानं बघत. तेव्हा सासरे ऐकत होते, आता मुली ऐकत होत्या. ऐकणारं कुणी ना कुणी असतंच, नाही का? मी नुसतं म्हणाले, मंगळवारी घेऊन जा. तो म्हणाला, उरलं तर एखाद्या लेकराचं झबलं शिवून टाका, आणि बहिणीच्या घराकडे गेला. चालताना अगदी तरुण दिसला मला.

आज दुपारी मी ते कापड कापलं. तोंडाला तोंड लावून. शांताचा झंपर निघाला, आणि अख्खा आणखी एक झंपर निघेल इतकं कापड उरलं. ते बघून मनात काय आलं असेल? या उरलेल्यातून कौसल्याला एक झंपर शिवावा, बिनजोडाचा, आणि गुपचूप पाठवून द्यावा. झाली फिट्टंफाट! पण घडी घालताना माझं मलाच हसू आलं. गुपचूप — म्हणजे पुन्हा तेच की. भ्याडपणाला नवी बाही.

उरलेलं कापड घडी करून ठेवलं आहे. ते भिवामामाचं आहे, त्याच्या हातात देणार. मंगळवारी तो येईल, सोबत सगुणाबाई असतील, मुली तर असतातच. आज बऱ्याच दिवसांनी मला उद्याची आणि परवाची वाट बघावीशी वाटते आहे. मशीनवर बसले तरी पाय हलके वाटतात. भाऊबहिणीचं पुन्हा बोलणं सुरू झालंच आहे, मग आता कशाला उकरायचं, असं कुणी म्हणेल. पण ती दोघं बोलत आहेत ती माझ्या खोट्यावर बसून. सगुणाबाईंनी भावाला क्षमा केली आहे — अशा गोष्टीसाठी, जी त्यानं केलीच नाही.

माझं वय लहान होतं, सासरे कडक होते, हे काही मी सांगणार नाही. त्यावर बहीणभाऊ काय बोलतील, बोलतील की नाही, ते त्यांचं. मुलींपैकी कुणी त्यानंतर आली नाही तर तेही त्यांचं. मी पाट मांडणार, दोघांना बसवणार, आणि मुलींना मशिनी थांबवायला सांगणार, म्हणजे शब्द नीट ऐकू जातील.

मामा, तुमचं कापड कमी नव्हतं. तुमचा हातही आखूड नव्हता. मी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या.