अकराव्या जोडीची मोकळी जागा

"पंखा बंद कर गं." प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की आमच्या वरिष्ठ ताईंचं पहिलं वाक्य हेच. मुलुंडचा एप्रिल, घामाने पाठीला चिकटलेला कोट, आणि या बाई हातात कात्री घेऊन पंख्याकडे रागाने बघत उभ्या. तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही हसू आलं असतं.

पण त्याला कारण होतं. ऐंशीच्या दशकात आम्ही गुणसूत्रं कात्रीने कापायचो. एका पेशीचा मोठा फोटो काढायचा, त्यातलं एकेक गुणसूत्र कापायचं आणि कार्डावर जोडीने चिकटवायचं. सेहेचाळीस कपटे, तेवीस जोड्या. जरा वारा लागला की कपटा गेलाच.

मी नवीन असताना एक असाच उडाला. मी हुशारी केली. दुसऱ्या पेशीच्या फोटोतला तसाच कपटा कापून जोडी पुरी केली. ताईंनी कार्ड नुसतं उजेडात तिरकं धरलं; त्या कपट्याची छटा वेगळी होती.

"हा पाहुणा कुठला?"

मग आम्ही दोघी फरशीवर रांगत शोधत बसलो. कपटा निघाला माझ्याच ओढणीला चिकटलेला. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी शोधायचं. नाहीच सापडलं तर जागा मोकळी ठेवायची. हे कोणाचं तरी असतं गं."

ताई मूळच्या मालवणकडच्या, बोलायला खणखणीत. कोटाच्या खिशात कायम खडीसाखर. जेवायला उशीर झाला की त्यांचे हात थरथरायचे, भलतंच काहीतरी बोलायच्या. "ताईंना आधी डबा दाखवा," अशी आमची चेष्टा चालायची. एकदा त्यांनी अर्धं कार्ड उलटं चिकटवलं आणि आमच्याकडे अनोळखी नजरेने बघत राहिल्या. तेव्हा चेष्टा थांबली. स्वादुपिंडात गाठ निघाली. ती नको तितकं इन्सुलिन तयार करायची आणि त्यांच्या रक्तातली साखर उतरायची. आमच्या त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "गाठीचा तुकडा आपल्याकडेच येणार. कार्ड तूच लाव. आणि मला दाखव, लपवू नको."

ऑपरेशन झालं, तुकडा आला. फोटोतच गुणसूत्रं पंचेचाळीस होती. एका पेशीत नव्हे, एकामागून एक कितीतरी पेशींत. अकराव्या जोडीतलं एक नव्हतंच. भिंगाखाली तीनदा मोजूनही मी टेबलाखाली वाकले, ओढणी झटकली. खणात दुसऱ्या फोटोंचे कपटे पडलेले होते. त्यातला एक लावला तर बाईला शांत झोप तरी लागेल, असं मनात आलं. त्या मोकळ्या जागेचा नेमका अर्थ तेव्हा डॉक्टरांनाही सांगता येत नव्हता. मला नुसती भीती वाटत होती. मी खण लावून टाकला.

वॉर्डात ताईंनी कार्ड हातात घेतलं, तिरकं धरलं.

"पंखो बंद होतो मां?"

"बंद होता, ताई."

"शोधलंस?"

"ओढणीसुद्धा झटकली."

"मग बरोबर लावलंस," म्हणाल्या, आणि माझा हात धरून ठेवला.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. गाठ यकृतात पसरली होती. त्यांची खुर्ची आम्ही हलवली नाही. नंतर कितीतरी दिवस मी सकाळी आत आले की आधी पंखा बंद करायचे, कापायला काही नसलं तरी.