गोणीत शिवलेली लाइफ जॅकेटं

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत सावळीराम दोंदे यांच्या दारात स्कूटरच्या जागी होडी उभी असायची. येताजाता तिची थट्टा करायचं काम माझ्याकडे होतं. पगार नव्हता, पण मी कधी खाडा केला नाही.

दोंदे रेल्वेतले. इगतपुरी यार्डात पॉइंट्समन होते. उभी हयात लोकांच्या गाड्या पुढे सोडल्या आणि स्वतः तिथेच भिजत उभे राहिले. निवृत्त झाल्यावर लोक दातांची कवळी करून घेतात, यांनी डहाणूहून एक जुनी फायबरची होडी घेतली. मोटर लावायची आणि किनारा धरून डहाणूपासून अर्नाळ्यापर्यंत जायचं, एवढं एकच वेड. होडी नाशकात आली तीही माझ्या ओळखीच्या टेम्पोतून, कांदा उतरवून रिकामा येत होता म्हणून. तेव्हा गुन्ह्यात मी पहिल्या दिवसापासून सामील.

त्यांच्या मंडळी, मैनावहिनी, फार बोलत नाहीत. त्यांनी अट घातली.

"आधी धरणात चालवून दाखवा. मी होडीत बसणार. मी 'माणूस पडला' म्हटलं की वाचवायची वस्तू लगेच हातात दिसली पाहिजे. नाही दिसली तर होडी विकायची, आणि समुद्राचं नाव काढायचं नाही."

"मंजूर," दोंदे म्हणाले.

समुद्रावर जोडीला दुसरा माणूस हवा होता. मी छाती काढून म्हणालो, "मी आहे की! सटाण्याच्या विहिरीत पोहलोय." पाठीला भोपळा बांधून पोहलो होतो, हे सांगायचं राहून गेलं.

दोंद्यांनी सामान मात्र मन लावून जमवलं. लाइफ जॅकेटं, पाण्यात फेकायचा तरंगता गोल, शिट्ट्या, टॉर्च, होकायंत्र, संकटात पेटवायची लाल उजेडाची नळकांडी, औषधाचा डबा, चाकू. आणि हे सगळं होडीत नीट भरून ठेवायचं काम त्यांनी विश्वासाने माझ्यावर सोपवलं. मी कांद्याच्या आडतीवर अर्धं आयुष्य घालवलेला माणूस. माल बांधावा तर आप्पाने, असं तिथे म्हणत. म्हणजे मीच म्हणत असे. जॅकेटं आणि गोल एका गोणीत, बाकीचं दुसऱ्या गोणीत. दाभण घेतलं, सुतळी ओवली, आणि दोन्ही गोण्यांची तोंडं अशी शिवली की मालेगावपर्यंत खड्ड्यांतून नेल्या तरी एक शिट्टी सांडू नये.

इगतपुरीजवळच्या धरणात होडी सोडली. दोंदे मोटरीवर, वहिनी मध्ये, मी पुढे टोकाला, एखाद्या आरमारप्रमुखासारखा. किनारा बराच मागे पडला तशा वहिनी अचानक ओरडल्या, "माणूस पडला हो!"

कोणीच पडलं नव्हतं. पण मी इतका दचकलो की गोणी उचलायला ताडकन उभा राहिलो, आणि मग माणूस खरोखरच पडला. माणूस म्हणजे मी.

वर आलो तेव्हा दोंद्यांनी मोटर बंद केली होती आणि ते गोणीशी झटत होते.

"आप्पा, हे उसवायचं कुठून?"

"चाकूनं!"

"चाकू कुठाय?"

"दुसऱ्या गोणीत!"

"मग ती उघडतो."

"तीही शिवलीय!" एवढं बोलून मी धरणाचं पाणी प्यायलो.

दोंद्यांनी जॅकेटांच्या गोणीच्या कानाला दोरी बांधली आणि आख्खी गोणी माझ्याकडे फेकली. ती झकास तरंगली. दुसरी फेकली असती तर हा मजकूर दुसऱ्या कुणीतरी, श्रद्धांजली म्हणून लिहिला असता. मी गोणीला मिठी मारली, त्यांनी दोरी ओढली, आणि वहिनींनी मला कॉलरला धरून आत घेतलं.

दोंदे मान खाली घालून म्हणाले, "वस्तू हातात आली नाही. ठरल्याप्रमाणे विकतो."

"वहिनी, चूक माझी आहे," मी दात वाजवत म्हणालो.

"तुमचीच आहे, भाऊजी. त्यात काय सांगायचं?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही आधी मोटर बंद केलीत, दोरी बांधलीत, मग फेकलंत. घाबरला नाहीत. होडी राहू द्या. पण जॅकेट अंगावर, बाकी सगळं उघडं, हाताशी. आणि भाऊजी घरी."

"मग जोडीला कोण?" दोंद्यांनी विचारलं.

वहिनींनी केसातली पिन काढून माझी शिवण उसवायला घेतली होती. जरा वेळाने एक नारिंगी जॅकेट बाहेर आलं. ते नऊवारीवर चढवत त्या म्हणाल्या, "याचा पट्टा कुठं अडकवायचा?"

थंडीत दोघं डहाणूहून निघाली. मला कामगिरी मिळाली ती कॉलनीत बसायची: मधल्या मुक्कामांची नावं माझ्याकडे, आणि ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर किनाऱ्यावरच्या पोलिसांना कळवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोनसमोर असा बसलो की मोरीत जायचीही हिंमत होईना. शेवटी घंटी वाजली.

"पोचलो अर्नाळ्याला," वहिनी म्हणाल्या. "हे मासे निवडतायत. तुमचं ठीक ना, भाऊजी? कुठे पडला नाहीत ना?"