मातीला हात लावून

खेळाने माणूस दिलदार होतो, असं बक्षीस समारंभाला आलेले पाहुणे सांगतात. असे पाहुणे मी पुष्कळ ऐकले, आणि त्यांतल्या एकाला तर वर्षानुवर्षं मुद्दाम पहिल्या रांगेत बसून ऐकलं. माझा अनुभव वेगळा आहे. हुतूतूने मला डूख धरायला शिकवलं, आणि ते शिक्षण मी मन लावून घेतलं.

मी कुंभारीचा. बाप शेतकरी. सोळाव्या वर्षी मी रोज सोलापुरातल्या इंग्रजी शाळेला चालत जायचो आणि चालत परत यायचो. शाळेच्या हुतूतूच्या संघात शेतकऱ्याचा पोर मी एकटाच. बाकीचे वकिलांचे, मास्तरांचे, कचेरीतल्या कारकुनांचे मुलगे. ते पोळीभाजी खायचे आणि मी फडक्यातली भाकरी, पण मैदानात त्याने काही अडत नव्हतं. माझ्या छातीत दम होता, आणि हुतूतूत दुसरं लागतं काय?

आमचा कप्तान एका नावाजलेल्या वकिलाचा मुलगा. उंच, गोरा, बोलायला गोड. खेळायचाही झकास, हे मी कबूल करतो. त्याने मला संघात घेतलं तेव्हा मी त्याला देव मानायचंच बाकी ठेवलं होतं.

सोलापूरच्या मैदानांवर तेव्हा एक रीत होती. 'हुतूतू' म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरलेल्या गड्याचा दम मधल्या रेघेला परत पोचण्याआधी तुटला, तर तो बाद. पण तिघाचौघांनी लोळवलेल्या गड्याच्या तोंडून 'तूतू' येतंय की नुसती धाप, हे आरडाओरड्यात पंचाला दर वेळी कुठून कळणार? मग पंच शिट्टी फुंकायचा आणि त्या गड्याच्या तोंडाशी सगळ्यांत जवळ जो असेल त्याला विचारायचा. तो कुठल्याही बाजूचा असो. त्याने मैदानाच्या मातीला हात लावायचा आणि सांगायचं, तुटला की नाही तुटला. त्याचा शब्द शेवटचा. मातीला हात लावून कुणी खोटं बोलत नाही, असं शेंबडं पोरही धरून चालायचं. मीही धरून चाललो होतो.

शाळाशाळांच्या सामन्यात आम्ही चांगले पुढे होतो. मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते, शेजारी हेडमास्तर बसले होते. मी शिरलो, एकाला शिवलो, तिघांनी मला धरलं. त्यांना ओढत ओढत मी रेघेपर्यंत आलो आणि हात रेघेपलीकडे टाकला. तिथेच आमचा कप्तान उभा होता. माझं तोंड त्याच्या पावलांशी होतं आणि त्या तोंडात हुतूतू चालू होतं. गर्दीच्या गोंगाटात पंचाला ते ऐकू आलं नाही. शिट्टी झाली. पंचाने कप्तानाला विचारलं.

तो वाकला, मातीला हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दम तुटला. आमचा गडी बाद."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो मला अजून ऐकू येतो. आपल्याच गड्याला बाद देणारा कप्तान! साहेब उठून उभे राहिले. हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही पुढेच होतो, एक गडी गेल्याने त्याचं काहीच बिघडत नव्हतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. दम माझा, आणि दानशूर तो.

त्याला सत्यवचनाबद्दल पदक मिळालं. मला नाव मिळालं : दमचोर. हुतूतूत याहून वाईट शिवी नाही. दम तुटल्यावर गुपचूप श्वास घेऊन पुन्हा 'तूतू' म्हणणारा तो दमचोर. वर्गात फळ्यावर ते लिहिलेलं असायचं. संघातून मला काढलं. ते काढतानाही कप्तान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. चूक कबूल केली की माणूस मोठा होतो."

मी घरी बापाला सगळं सांगितलं. बाप बैलांना वैरण टाकत होता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मातीला हात लावून बोलला नव्हं त्यो?"

"व्हय. पर खोटं बोलला."

"मातीला हात लावून कोन खोटं बोलंल, लेकरा? तुज्याच ध्यानात आलं नसंल."

बापाने मला मारलं असतं तर परवडलं असतं. त्याने समजूत घातली. त्या दिवशी मी ठरवलं, हे नाव मी पुसणार, आणि ज्याने ते चिकटवलं त्याच्याच हाताने पुसून घेणार.

मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडली. गिरणीजवळ एक तालीम होती. तिथे विणकरांची आणि गिरणी कामगारांची पोरं हुतूतू खेळायची. घरी कोणी तेलुगू बोलायचं, कोणी कानडी, कोणी दख्खनी. शिव्या मात्र सगळे मराठीत द्यायचे. तिथल्या वस्तादाने मला एकदाच विचारलं, "तू दमचोर हाईस का?" मी म्हटलं, "न्हाय." तो म्हणाला, "मग लाग कामाला." एवढंच. माझ्या बापाने जो विश्वास ठेवला नाही तो या परक्या माणसाने दोन शब्दांत ठेवला. मला गिरणीच्या हजेरी कचेरीत चिकटवलंही त्यानेच.

वस्ताद बोडका हिंडायचा. त्या काळी बाप्या माणूस उघड्या डोक्याने रस्त्यावर दिसला की लोक विचारायचे, घरात कोण गेलं? पण वस्तादाचा पण होता. शहरातल्या शिकलेल्यांच्या क्लबाने आमच्या तालमीला कधी जिंकू दिलं नव्हतं. त्यांना हरवीन तेव्हाच डोक्याला फेटा बांधीन, असं तो बोलून बसला होता. पोरांनी एक गुलाबी फेटा आणून तालमीतल्या पेटीत ठेवलाही होता. दसऱ्याला तो उन्हात घालायचे आणि पुन्हा घडी करून ठेवायचे.

मी दम कमावला. सकाळी गिरणीचा भोंगा सुरू झाला की त्याच्याबरोबर मी हुतूतू सुरू करायचो. आधी माझा दम भोंग्याच्या निम्म्यावर संपायचा. वर्षभरात दोघं बरोबर संपू लागलो. तिसऱ्या वर्षी भोंगा थांबला तरी मी चालू. बायका म्हणायच्या, याला भुताने झपाटलंय. खरंच होतं ते. फक्त ते भूत कॉलेजात शिकत होतं आणि सुट्टीला सोलापुरात येऊन त्या शिकलेल्यांच्या क्लबाकडून खेळत होतं.

तिसऱ्या वर्षी तालमीच्या मैदानावर त्या क्लबाशी सामना आला. डाव अटीतटीचा झाला. शेवटी त्यांच्याकडे कप्तान एकटा उरला, आमच्याकडे मी आणि एक मागवाला. हा मागवाला म्हणजे मागावर धोतरं विणणारा माझा जोडीदार. त्याने त्या दिवसासाठी पाळी बदलून घेतली होती. कप्तान बाद झाला तर सामना आमचा. आम्हा दोघांना शिवून परत गेला तर त्यांचा.

तो शिरला. मागवाल्याने पाय धरला, मी कंबर. माझा कान त्याच्या तोंडाला चिकटलेला. तो चिवट, रेघेकडे सरकत राहिला. रेघ हातभर लांब असताना त्याचा दम तुटला. मला स्वच्छ ऐकू आलं, सुताचा धागा तुटावा तसं. मग त्याने चोरून श्वास घेतला, पुन्हा 'तूतू' केलं आणि रेघेला हात लावला.

शिट्टी झाली. पंचाने मला विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली पडलेला, आणि चेहऱ्यावर तीच जुनी कळा. मी 'तुटला' म्हटलं की हा उठणार, हसून मान्य करणार, माझी पाठ थोपटणार आणि हरूनही टाळ्या घेऊन जाणार, हे मला दिसलं. तीन वर्षं मी जे मागत होतो ते यात नव्हतं. मला त्याला हरवायचं नव्हतंच. मला त्याला चोर करायचं होतं.

मी वाकलो. मातीला हात लावला. "न्हाय तुटला," म्हटलं. "गडी जिता हाय."

मी त्याच्या डोळ्यांतून डोळे काढले नाहीत. सत्यवचनाचं पदक मिळालेला माणूस! वाकायचं, मातीला हात लावायचा, एक शब्द बोलायचा. त्याने मातीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग उठला, अंग झटकलं आणि मुकाट्याने आपल्या लोकांत निघून गेला.

काय सांगू तो आनंद! पंचपक्वान्नं खाऊनही पोट असं भरत नाही. टाळ्या पडल्या त्या मला. मला दमचोर म्हणणारीच तोंडं आता म्हणत होती, याला म्हणतात खिलाडू. खोट्याने चिकटलेलं नाव खोट्यानेच पुसलं गेलं, आणि ते आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

वस्ताद जवळ आला. "खरंच न्हाय तुटला?"

"मातीला हात लावलाय की, वस्ताद."

"मग झालं," तो म्हणाला, आणि मोठ्याने सगळ्यांना ऐकवलं, "हरलो, पर खरं बोलून हरलो. माजा गडी खरा हाय." गुलाबी फेटा पुन्हा पेटीत गेला. त्यानंतर आमची तालीम तशी उभी राहिलीच नाही. पोरं संसाराला लागली. तीन वर्षांनी वस्ताद गेला, बोडकाच गेला. पण शेवटपर्यंत तो नव्या पोरांना माझी गोष्ट सांगायचा. मी तिथे असलो तर मी उठून पाणी प्यायला जायचो.

कप्तान पुढे वकील झाला, बापासारखाच नावाजलेला. शाळांतून, तालमींतून त्याला पाहुणा म्हणून बोलावू लागले. मुलांना खरेपणावर तो आपल्या पदकाची गोष्ट सांगायचा. ते कळल्यावर मी प्रत्येक समारंभाला जाऊन पहिल्या रांगेत बसू लागलो. बोलायचो काही नाही. नुसता बघायचो. त्याची नजर माझ्यावर पडली की तो अडखळायचा, पाणी मागायचा, आणि गोष्ट अर्धवट टाकून व्यायामाच्या फायद्यांवर घसरायचा. मला ते पुरायचं. गिरणीत दिवसभर हजेरी मांडून कंटाळलेल्या माणसाला दुसरा काय विरंगुळा! बायको म्हणायची, एवढी हौस आहे तर कीर्तनाला तरी जा. मी म्हणायचो, हे कीर्तनच आहे.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग आमच्या तालमीचा वाढदिवस आला. जुन्या गड्यांना बोलावून एकेकाला फेटा बांधायचा असं ठरलं. पेटीतला गुलाबी फेटा माझ्या डोक्याला बांधायचा, हे मागवाल्यानेच सुचवलं. "वस्तादाचा खरा गडी ह्योच," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने त्याने तो बांधला. समोर पाटावर वस्ताद फिरवायचा ते मुद्गल हार घालून ठेवलं होतं. पाहुणा अर्थातच वकील. मी पहिल्या रांगेत बसलो. एवढ्या वर्षांच्या सवयीने जागा आपोआप सापडली.

तो उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. या वेळी पाणी मागितलं नाही.

"मी एक गोष्ट नेहमी सांगत आलो," तो म्हणाला. "ती खोटी आहे. ज्या गड्याचा दम तुटला असं मी मातीला हात लावून सांगितलं, त्याचा दम तुटला नव्हता. मला ते माहीत होतं. तो गडी इथे बसला आहे."

हेच हवं होतं मला, भर सभेत, त्याच्याच तोंडून. बाप जिवंत असता तर, एवढंच मनात आलं.

पण तो थांबला नाही. "आणि याच मैदानावर तुमच्याशी खेळताना माझा दम तुटला होता. त्यांनी तो ऐकला होता. तरी मातीला हात लावून त्यांनी मला जीवदान दिलं. तो सामना तुमच्या तालमीचा होता. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही."

टाळ्या सुरू झाल्या. नव्या पोरांनी सुरू केल्या, मग साऱ्या सभेने. त्या कुणासाठी होत्या, हे मला लगेच कळलं. खरं बोलणाऱ्यासाठी. पुन्हा त्यालाच मिळाल्या, पुन्हा माझ्याच जिवावर, आणि पुन्हा माझा संघ गेला. त्याने हे मनापासून केलं की उट्टं काढलं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, दोन्हींपैकी काहीही असलं तरी.

जुने गडी टाळ्या वाजवत नव्हते. मागवाला उठून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"वस्ताद बोडका गेला रं," तो म्हणाला.

त्याने माझ्या डोक्यावरच्या फेट्याला हात घातला. खोवलेलं टोक त्याला सापडत नव्हतं. मी मान खाली घातली, त्याला सोपं जावं म्हणून. त्याने फेटा सोडवला, घडी घातली आणि वस्तादाच्या मुद्गलावर नेऊन ठेवला.