शेवटचे कोंडिवरेकर

"कुलकर्णी? हा हुद्दा झाला. आडनाव सांगा," अण्णा पहिल्याच भेटीत म्हणाले. पंचेचाळीस वर्षं मी आडनावाशिवाय वावरत होतो, हे मला नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावी, सुपरमार्केटात कांदे निवडताना कळलं.

अण्णा कोंडिवरेकर चिप तयार करणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर. जीव मात्र आडनावांत. "ह्या डच लोकांचं 'व्हान' म्हणजे आपलं 'कर'. फक्त उलट्या बाजूला लावतात." एकदा ते कोकणात मूळ गावी भाऊबंद शोधायला गेले होते. तिथे एकही कोंडिवरेकर नव्हता. "असणार कसा? गाव सोडतो त्यालाच गावाचं नाव लागतं." हे ते ऐटीत सांगत. पुढचं वाक्य मात्र चहाच्या कपात बघून : "आमच्यात आता मी शेवटचा. एकच मुलगी, तीही इथल्या यान्सेनांकडे दिली."

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. कुणीही परगावी निघालं की अण्णा बजावत, "तिथली टेलिफोन डिरेक्टरी बघून या." ऑफिसच्या कामासाठी मी युट्रेख्टला गेलो, डिरेक्टरी उघडली, आणि त्यात चक्क एक कोंडिवरेकर! आनंदाच्या भरात मी नुसता नंबर लिहून आणला. आद्याक्षर, पत्ता, काहीही नाही. एवढी अक्कल असती तर मला आडनावही असतं.

रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसले. मला साक्षीला बोलावलं होतं.

"कुलकर्णी, नातं निघालं नाही तर?"

"निघेल हो. लावा."

त्यांनी फोनचा स्पीकर लावला. इकडे फोन उचलला की आधी आडनाव सांगायची रीत. पलीकडून बाईचा आवाज आला, "कोंडिवरेकर."

अण्णा उभेच राहिले. "नमस्कार! मीही कोंडिवरेकर. आपण मूळच्या कुठल्या?"



"मूळची तुमच्याच घरची, बाबा. शलाका बोलतेय."

युट्रेख्टला राहणाऱ्या लेकीशी ते नेहमी मोबाइलवर बोलत. हा घरच्या फोनचा नंबर तिच्या नव्या इंटरनेटबरोबर आलेला.

"अगं, पण तू तर यान्सेन..."

"तो यान्सेन. मी नाव बदललंच नाही. तुम्ही अख्ख्या देशाला विचारत हिंडलात, मला कधी विचारलंत?"

अण्णा हळूच खाली बसले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मग अण्णांनी स्पीकर बंद केला, रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि विचारलं, "जेवलीस का?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते.