एका पेल्यासाठी झुरले

“तुमच्या थुंकीत जंतू सापडले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ट्युबरक्युलोसिस.” म्हणजे क्षय. संध्याकाळचा ताप, तो मेला खोकला, सगळ्याचा उलगडा झाला. आणि मी विचारलं काय? “येत्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे. मला जाता येईल ना?”

बाई बघतच राहिल्या. “सगळे एकाच पेल्यातून पिता ना? मग मुळीच नाही.”

वाचणाऱ्याला वाटेल, जिवावर बेतलंय आणि हिला पेल्याची पडलीय! सांगते. मी सोलापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची बायबलबाई. खेड्यापाड्यांत जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगायचं, हे माझं काम. करकंबकडे जिथे मी वाढले, तिथे आम्हांला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. चहा दिलाच तर कान तुटलेल्या कपात, आणि तो कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला. बाप्तिस्म्यानंतर मी पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले. पेला माझ्याकडून पुढे गेला आणि पुढच्या बाईनं तो खुशाल तोंडाला लावला. तारण म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. प्रवचनं सगळी नंतरची.

दवाखान्यामागे क्षयाच्या रोग्यांसाठी उघडी पडवी होती. तिथे नुसतं पडून राहायचं. दूध, अंडी आणि वास मारणारं माशाचं तेल. बोलायलाही बंदी! मला गप्प बसवणं म्हणजे काय, ते माझ्या घरच्यांना विचारा. रविवारी चर्चची घंटा ऐकू यायची. आता गीत चाललं असेल, आता भाकर मोडली असेल, असं मनात म्हणत मी पडून राहायची. घरच्या भाकरीची आठवण आली नाही इतकी त्या पेल्याची आली.

एकदा चर्चचे पाळकसाहेब माझ्यासाठी भाकर आणि द्राक्षरस घेऊन आले. सोबत कोरा करकरीत छोटा पेला. मोठ्या कौतुकानं म्हणाले, “राहेलबाई, हा फक्त तुमचा. दुसरं कुणी याला हात लावणार नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “घेऊन जा तो. असले कप मी लहानपणी पुष्कळ वापरलेत.”

बिचाऱ्यांचा चेहरा पडला. “ख्रिस्त या पडवीतही येतो, बाई.”

“येतो हो. पण मंडळी कुठे येते?”

डॉक्टरीणबाईंनी नंतर मला चांगलं फैलावर घेतलं. “पेला जंतूंमुळे वेगळा आहे, तुमच्यामुळे नाही.” कळत होतं मला! मनाला पटत नव्हतं, एवढंच. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर भांडी वेगळी ठेवा, उकळून घ्या, त्यात लाज कसली? पण घरच्यांनो, ती गुपचूप वेगळी करू नका. जवळ बसून कारण सांगा.

पुढे न्यूमोथोरॅक्स केलं. म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरतात, म्हणजे आजारी फुप्फुसाला विसावा मिळतो. दुखतं, पण सोसतं. थुंकी पुन्हापुन्हा तपासली, स्वच्छ निघाली, आणि बाई हसून म्हणाल्या, “जा आता. तुमच्या पेल्यालाही माझी हरकत नाही.”

प्रभुभोजनाच्या दिवशी मी चर्चमध्ये जाऊन बसले. सगळ्यांनी प्रेमानं विचारपूस केली, पण लांबून. माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. मी कुणाला दोष देत नाही, रोगच तसा आहे. पेला आला की न पिता पुढे द्यायचा, असं मी ठरवलं आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात तुळसाबाई पुढच्या बाकावरून उठली. ही धनगराची. मी तिच्या वस्तीवर शिकवायला जायची तेव्हा माझ्या तांब्यातलं पाणी घ्यायची नाही. मी आजारी असताना तिचा बाप्तिस्मा झाला होता, आणि आज तिचं पहिलंच प्रभुभोजन.

“सरका की बाई. तुमच्या मागनं मी घेनार हाय.”

“अगं, तू आधी घे. मी शेवटी...”

“न्हाय! लई वर्सं तुमच्या हातचं पानी न्हाय घेतलं मी. आता गप प्या.”

पेला आला. मी प्याले. तिनं तो माझ्या हातातून घेतला, ओठांना लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ग्वाड हाय की!”

चर्चभर हसू फुटलं. पाळकसाहेबांनी पेला मागच्या बाकावर दिला, आणि तिथल्या बाईनं तो तोंडाला लावला.