पेपरातल्या खिडक्या

"चोरून कशाला बघायचं? छापलंय की!" असं म्हणत काका पेपरातल्या जाहिराती कापायला कात्री उचलायचे.

मोबाईल-इंटरनेट यायच्या आधीची गोष्ट. वाशीजवळच्या पावणे गावात, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात साताऱ्याकडचे हे काका विक्री बघत, मी टायपिस्ट. ऑफिसचा पेपर आधी त्यांच्याकडे जायचा आणि आमच्यापर्यंत चाळण होऊन यायचा. क्रिकेटचा स्कोअर नेमका कात्रणामागे गेलेला असे. साहेब चिडले की काका म्हणत, "खिडक्या हायत त्या, साहेब. त्यातनं बाहेरचं दिसतं."

आणि दिसायचं, बरं का! एकदा आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, शेजारची औषध कंपनी, गुजरातला चालली असं त्यांनी जाहीर केलं. साहेब हसले. काकांनी दोन कात्रणं मांडली: तिकडच्या नव्या प्लँटसाठी नोकरभरती आणि इथल्या यंत्रांची विक्री. "त्यांच्या फाटकावरची नोटीस वाचा. कँटीनचं कंत्राट औंदा फक्त सहा महिन्यांचं." साहेबांचं हसू मावळलं. ती कंपनी गेली तर आमच्या कारखान्याला टाळंच लागणार होतं.

मला धडकी भरली. दुसऱ्या दिवशी पेपर हाती येताच मी वाशीतल्या एका नोकरीची जाहिरात गुपचूप कापली. इतक्या भोकांत आणखी एक कोणाला कळणार?

दुपारी काका माझ्या टेबलाशी हजर. "ही खिडकी माझी न्हवं. कड वाकडी हाय." नाक्यावरून त्यांनी त्याच पेपरची दुसरी प्रत आणून वाचलीही होती. "अर्ज कर, पोरी. पण दोन महिने दम धर."

मी शरमेने लाल झाले, पण थांबले. काका कात्रणं घेऊन वणवण हिंडले. जो कारखाना कामगार मागतो त्याचा माल वाढणार, म्हणजे खोकी लागणार, हा त्यांचा साधा अंदाज. औषध कंपनी हलली तेव्हा आमच्याकडे तीन नवी गिऱ्हाइकं होती. माझा अर्ज ड्रॉवरमध्येच राहिला.

पुढे काही वर्षांत मीही काकांबरोबर गिऱ्हाइकांकडे जाऊ लागले. मग एका सकाळी पेपरात एकच खिडकी होती, तीही मुद्दाम वाकडी. मी नाक्यावर धावले, दुसरा पेपर घेतला. त्या जागी आमच्याच कारखान्याची जाहिरात होती: विक्रीसाठी अनुभवी माणूस पाहिजे.

"काका, तुम्ही निघालात? सांगितलं नाहीत!"

"छापलंय की," ते हसले. डोळे मात्र खिडकीबाहेर, खऱ्या खिडकीबाहेर. "अर्ज कर, पोरी."

केला. जागा मिळाली. काका नोकरी सोडून गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी पेपर आधी माझ्या हातात आला, अख्खा, स्कोअरसकट. मला तो काही केल्या वाचवेना.